पांच हात पांच मुठी : प्रमाणित साधनांवांचून जुन्या मानांचा निर्णय

जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांस एक अडचण वारंवार पडते. कागद वाचतां येतो, मिति जुळवितां येते, शिक्का ओळखतां येतो. परंतु कागदांत इतके बिघे जमीन किंवा इतक्या पायल्या गल्ला असें आलें म्हणजे गाडें अडतें. अंक स्पष्ट असतो. पण तो कोणत्या काठीनें किंवा कोणत्या पायलीनें मोजलेला आहे, हें कागद सांगत नाहीं. लिहिणाऱ्यास तें सांगण्याची गरजहि नव्हती. ती काठी व ती पायली गांवांत सर्वांच्या डोळ्यांपुढें होती. आज काठी गेली आणि अंक तेवढा राहिला. जवळ कोणतेंहि प्रमाणित साधन नसतां हा अंक पुन्हा मानाशीं कसा जोडावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या विचारास आम्ही प्रवृत्त झालों तें आमच्या स्वतःच्या एका चुकीमुळें. ती प्रथम सांगून टाकणें बरें.

कांहीं वर्षांपूर्वीं एका पाटील घराण्याच्या दप्तरांतील इनामपत्र आमच्या वाचनांत आलें. त्यांत एक चावर जमीन दिल्याचा उल्लेख असून काठी पांच हात पांच मुठींची म्हणून नमूद होती. ही काठी ८२ तसूंची, हें सभासदाच्या बखरीवरून आम्हांस ठाऊक होतें. तसूची लांबी मात्र आम्हीं मुंबईकडील छापील कोष्टकांतून घेतली. त्या कोष्टकांत १६ तसूंचा हात व हात १८ इंचांचा. म्हणजे तसू एक इंच व एक अष्टमांश. गुणाकार केला, तों चावराचे ६५ एकर निघाले. इनामाखालीं त्या घराण्याकडे चालत आलेली जमीन मोजणीच्या कागदांत ८४ एकरांच्या आसपास होती. यावरून इनामापेक्षां सुमारें १९ एकर जमीन अधिक दाबलेली दिसते, असें वाक्य आम्हीं टिपणांत घातलें व तें टिपण एका बैठकींत वाचलें. त्या घराण्यांतील एक वृद्ध गृहस्थ बैठकीस आले होते. ते रागावले नाहींत. वाचन संपल्यावर जवळ येऊन एवढेंच म्हणाले, "गुरुजी, काठी कोणाची धरलीत?"

आम्हांस त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. तें देण्याचा हा प्रयत्न आहे.

शास्त्रग्रंथांतील रीत

आमच्या प्राचीन ग्रंथकारांपाशीं आजच्यासारखें प्रमाणित साधन नव्हतें. तथापि त्यांनीं मानांच्या व्याख्या केल्या आणि त्यांवर वेदि, वास्तु व व्यवहार चालविले. त्यांची रीत पाहिली असतां आपल्या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो. व्याख्या दोन प्रकारच्या आढळतात. एक धान्यकणांवरून, दुसरी शरीरावरून. बौधायन शुल्बसूत्रांत अंगुळ म्हणजे अणु नांवाच्या बारीक धान्याचे १४ दाणे किंवा एकास एक लावून ठेविलेले ३४ तीळ असें सांगितलें आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांत ८ यवमध्यांचें अंगुळ, अथवा मध्यम पुरुषाच्या मधल्या बोटाची मधली रुंदी तें अंगुळ, असे दोन्ही प्रकार दिले आहेत. भास्कराचार्यांच्या लीलावतींत ८ यवोदरांचें अंगुळ, २४ अंगुळांचा हात व ४ हातांचा दंड होतो.

यावर कोणी म्हणेल कीं, तीळ काय किंवा बोट काय, एक लहान एक मोठें; असल्या वस्तूंवर मान कसें उभारावें? आक्षेप वरवर खरा आहे. परंतु सूत्रकारानें एक तीळ घ्या असें म्हटलेलें नाहीं, चौतीस घ्या असें म्हटलें आहे. एका तिळाच्या रुंदींत जी चूक होईल तिचा फार थोडा अंश चौतीस तिळांच्या ओळींत उरतो, कारण कांहीं दाणे मोठे तर कांहीं लहान असून ते एकमेकांची भरपाई करतात. हीच युक्ति इतर देशांतहि सुचलेली दिसते. याकोब क्योबेल या जर्मन लेखकाच्या १५३५ मध्यें छापलेल्या भूमितीच्या ग्रंथांत मोजणीची काठी ठरविण्याची रीत दिली आहे ती अशी: चर्चमधून बाहेर पडणाऱ्या सोळा पुरुषांस, उंच असोत वा ठेंगणे, ज्या क्रमानें ते येतील त्या क्रमानें उभें करावें, त्यांचीं डावीं पावलें एकापुढें एक लावावीं, आणि त्या लांबीचा सोळावा भाग तो पाऊल समजावा. माणसें निवडावयाचीं नाहींत, हा त्यांतील मर्माचा भाग आहे.

दुसरी गोष्ट शुल्बसूत्रांतील पुरुष या मानाची. चितीची भूमि मोजावयाची ती यजमानाच्या उंचीनें, त्यानें हात वर केले असतां जी होईल तिनें. यजमान उंच तर चिति मोठी, ठेंगणा तर लहान. परंतु चितीच्या अंगांचें परस्परांशीं प्रमाण दोन्हीं ठिकाणीं तेंच. तात्पर्य, कोणत्याहि मानपद्धतींत गुणोत्तर हें प्रथम व निश्चित असतें. लांबी ही मागून येते व ती स्थळपरत्वें बदलते. संशोधकानें हा क्रम उलटूं नये. आम्हीं तो उलटला व फसलों.

तिसरें उदाहरण अर्थशास्त्रांतील नालिकेचें. कालमापनासाठीं घड्यास जें छिद्र पाडावयाचें त्याचा व्यास कसा ठरवावा? कौटिल्य सांगतो कीं, चार माष सोन्याची चार अंगुळें लांब तार काढावी आणि तेवढें छिद्र ठेवावें. त्यांतून एक आढक पाणी वाहून जाण्यास लागणारा काळ ती नालिका. छिद्र मोजण्याचें साधन नाहीं; पण तराजू आहे व अंगुळ आहे, तेव्हां वजन आणि लांबी यांवरून जाडी आपोआप ठरते. आम्हीं हिशेब करून पाहिला. त्याच ग्रंथाप्रमाणें ५ गुंजांचा माष धरून व गुंज सुमारें ०.१२ ग्रॅमची घेऊन तारेचा व्यास दीड मिलिमीटरच्या जवळ येतो. अंगुळ पाऊण इंचाचें धरा किंवा त्याहून थोडें लहान धरा, व्यासांत फरक जवळजवळ पडत नाहीं. जें मान ठरवावयाचें तें दुसऱ्या मानांच्या लहानसहान चुकांनीं ढळूं नये अशी योजना करणें, यासच कौशल्य म्हणावें.

काठीची उकल

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कृष्णाजी अनंत सभासद यानें छत्रपति राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें १७ व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत जी बखर लिहिली, तींत शिवछत्रपतींच्या वेळच्या जमीनमोजणीचें मान दिलें आहे. त्याचा आशय असा: काठी पांच हात व पांच मुठींची, हात १४ तसूंचा, हात व मुठी मिळून काठी ८२ तसूंची, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर.

या मजकुरांत इंच नाहीं, फूट नाहीं. तरी त्यांतील अंक परस्परांस तपासण्यास पुरेसे आहेत. पांच हातांचे ७० तसू झाले. ८२ मधून ७० वजा जातां १२ उरले. ते पांच मुठींचे. म्हणजे एक मूठ २.४ तसूंची. हात व मूठ यांचें गुणोत्तर १४ ला २.४, म्हणजे सुमारें ५.८३ पट. आतां शास्त्राकडे पाहूं. हात २४ अंगुळांचा. आंगठा सोडून मिटलेली मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी, म्हणजे चार अंगुळें; अर्थशास्त्रांत यालाच धनुर्ग्रह हें नांव आहे. तेव्हां हात मुठीच्या सहा पट. ५.८३ व ६ यांत थोडें अंतर दिसतें; पण दुसऱ्या बाजूनें मोजून पाहा. पांच हातांचीं १२० व पांच मुठींचीं २० मिळून काठी १४० अंगुळांची. २४ अंगुळांचे १४ तसू, तर १४० अंगुळांचे किती? उत्तर ८१ पूर्णांक दोन तृतीयांश. व्यवहारांत याचे ८२ च धरणार. येणेंप्रमाणें बखरींतील अंक व शास्त्रांतील अंगुळें एकमेकांस मिळतात, आणि ८२ हा आंकडा लेखकप्रमाद नसून हिशेबानें आलेला आहे असें ठरतें.

मुठीविषयीं शंका राहूं नये म्हणून दुसरा पक्षहि तपासला. अर्थशास्त्रांत धनुर्मुष्टि म्हणून आठ अंगुळांचें निराळें मान आहे. तें येथें लाविलें तर काठी १६० अंगुळांची, म्हणजे ९३ तसूंहून अधिक होते. बखरींतील ८२ शीं तें जुळत नाहीं. सबब तो पक्ष सोडावा लागतो.

आमची चूक कोठें होती, हें आतां उघड झालें. तसू हें नांव एकच. पण बखरींत हाताचे १४ तसू व मुंबईच्या कोष्टकांत १६. आम्हीं तसूंची संख्या एका पद्धतींतून घेतली व तसूची लांबी दुसरींतून. परिणामीं आमच्या गणितांतील हात पावणेसोळा इंचांचा झाला. तेवढा हात प्रौढ पुरुषाचा सहसा असत नाहीं. तेथेंच थांबून आपला स्वतःचा हात टेबलावर ठेवून पाहिला असता, तरी पुढचा अन्याय टळला असता.

हाताची लांबी : तीन साक्षी

गुणोत्तर ठरलें; आतां लांबी. तिजसाठीं परस्परांवर अवलंबून नसलेल्या अशा तीन साक्षी आम्हीं घेतल्या.

पहिली साक्ष शरीराची. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोंकापर्यंत अंतर घेण्यासाठीं सुतळी पुरते. क्योबेलच्या रीतीप्रमाणें, निवड न करतां, देवळाच्या ओट्यावर भेटतील त्या सोळा प्रौढ पुरुषांचे हात एकाच सुतळीवर एकापुढें एक मोजले व सुतळीची चार वेळां दुहेरी घडी घातली, म्हणजे सोळावा भाग हातीं येतो. भागाकारासहि साधन लागत नाहीं. तो भाग १८ इंचांच्या थोडा अलीकडेपलीकडे आला.

दुसरी साक्ष ग्रंथाची. चरकसंहितेंत मनुष्याच्या शरीराची उंची त्याच्या स्वतःच्या ८४ अंगुळांची सांगितली आहे. हात २४ अंगुळांचा असल्यामुळें तो उंचीच्या दोन सप्तमांश होतो. पांच फूट तीन इंच उंचीच्या पुरुषाचा हात या हिशेबानें बरोबर १८ इंच भरतो.

तिसरी साक्ष जमिनीची. येथें एक दक्षता घेतली पाहिजे. ज्या जमिनीविषयीं वाद आहे तीच साक्षीस बोलावूं नये. तसें केल्यास वादीच न्यायाधीश होतो. म्हणून त्याच गांवच्या, त्याच काठीचा उल्लेख असलेल्या दुसऱ्या दोन लहान शेतांचे कागद आम्हीं शोधले. त्यांच्या चतुःसीमा ओढा, जुनी वाट व देवस्थानची मेर अशा असून त्या आजहि ओळखतां येतात. इंग्रजी अमलांत १८३६ मध्यें इंदापूर तालुक्यापासून ज्या जमाबंदीचा आरंभ झाला, तिच्या पद्धतींत ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तो गुंठा व ४० गुंठ्यांचा एकर. त्या मोजणीशीं हीं शेतें ताडून पाहतां बिघा २७ ते २९ गुंठ्यांचा निघतो. आणि १८ इंचांच्या हातानें गणित केलें असतां काठी सुमारें ८ फूट साडेनऊ इंच, बिघा २८ गुंठ्यांहून किंचित् अधिक आणि चावर ८५ एकर येतो.

तिन्ही साक्षी एकमेकींस मिळाल्या. तरीहि हात बरोबर १८ इंचच होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो साडेसतरा इंच धरला तर चावर ८० एकरांचा व साडेअठरा धरला तर ९० एकरांचा होतो. तेव्हां ८० ते ९० एकर हेंच प्रामाणिक उत्तर आहे. त्या घराण्याची ८४ एकर जमीन या मर्यादेंत सहज बसते. इनामपत्राच्या आधारें त्या घराण्यावर कोणताहि आरोप करतां येत नाहीं. त्या घराण्यानें कधींच कांहीं दाबलें नाहीं, असें यावरून सिद्ध होत नाहीं हें खरें. पण तें सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर नव्हता. आमचें तें वाक्य आम्ही येथें परत घेतों.

एक गोष्ट येथें नमूद करावीशी वाटते. अलीकडील काळांत आर. बालसुब्रमण्यम् या संशोधकांनीं धोलावीरा येथील अवशेष व दिल्लीचा लोहस्तंभ यांच्या मापांवरून अंगुळ १७.६३ मिलिमीटरचें असावें असें प्रतिपादन केलें. तें अंगुळ आपल्या काठीस लाविलें तर हात साडेसोळा इंचांहून थोडा अधिक व चावर ७३ एकरांच्या आसपास येतो, आणि आमच्या जमिनीच्या साक्षीशीं तें जुळत नाहीं. यावरून त्या मापनास बाध येतो असें नाहीं. एका स्थळाचें अंगुळ दुसऱ्या स्थळाच्या कागदास लावूं नये, एवढेंच यावरून दिसतें.

वजनें व धान्यमापें

हीच रीत वजनांस लागू पडते, आणि तीच फसगत तेथेंहि होते. लीलावतींत ५ गुंजांचा माष आहे. आपल्या सराफीच्या कोष्टकांत ८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा. नांव तेंच, भाग निराळे. म्हणून प्रथम कोष्टक कोणतें हें ठरवावें व मग गुंजांस हात घालावा. गुंजा एकेक तोलूं नयेत. ९६ गुंजा एकत्र तोलाव्या.

घरांतील तराजूवर विश्वास नसल्यास बदलीची रीत वापरावी. एका पारड्यांत वस्तु ठेवून दुसऱ्यांत वाळू घालून तोल साधावा. नंतर वाळू तशीच ठेवून वस्तु काढावी व तिच्या जागीं तोल येईपर्यंत नाणीं घालावीं. यांत दांडीच्या दोन बाजू असमान असल्या तरी बिघडत नाहीं, कारण वस्तु व नाणीं दोन्हीं एकाच पारड्यांत तोललीं जातात. नाणें म्हणून १८३५ पासूनचा कंपनीचा व त्यानंतर राणीच्या छापाचा चांदीचा रुपया उत्तम. तो १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, व तोच तोळा. तो नसल्यास २०११ सालीं निघालेल्या मालिकेंतील पांच रुपयांचें नाणें ६ ग्रॅमचें आहे, आणि त्याच मालिकेंतील दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असल्यामुळें तें लांबीसहि उपयोगीं पडतें. मात्र तीळ व रुपया यांत एक भेद आहे. तीळ लहानहि असतो व मोठाहि असतो, म्हणून तेथें सरासरी योग्य. रुपया झिजतो, वाढत नाहीं. म्हणून तेथें सरासरी न घेतां सर्वांत कमी झिजलेलें नाणें घ्यावें.

धान्यमापांचें शास्त्र दुपटीचें आहे. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली व दोन अधोल्यांची पायली. संग्रहांत अशीं मापें असल्यास तीं एकाच संचांतील आहेत कीं नाहींत हें ज्वारीनें पाहावें. चार चिपटीं सपाट भरून ओतलीं असतां शेर काठोकाठ भरला, तर संच एक. शेर ऊणा राहिला व चिपट्यांवर शीग लावल्यानंतरच तो भरला, तर त्या ठिकाणीं शिगेनें मोजण्याची चाल होती असा तर्क करण्यास जागा आहे. निदान शेर ऊणा म्हणून व्यापारी लबाड होता, असा निष्कर्ष घाईनें काढूं नये.

उपसंहार

वरील विवेचनाचें सार असें: कागदांतील मानाचें अंतर्गत गुणोत्तर प्रथम सोडवावें. नांव सारखें म्हणून दुसऱ्या कोष्टकांतील परिमाण त्यास लावूं नये. एका वस्तूवर विसंबूं नये. पुष्कळ वस्तु एकत्र मोजून भागावें, परंतु झीज एकाच दिशेनें होते हें विसरूं नये. परस्परांपासून स्वतंत्र अशा निदान दोन साक्षी घ्याव्या. उत्तर मर्यादेनें द्यावें. सोळा सुतळ्यांवरून काढलेल्या हातास दशांशाचीं चार स्थळें शोभत नाहींत. आणि मान कसें ठरविलें हें टिपणांतच लिहून ठेवावें, म्हणजे काठी कोणाची धरली असें कोणी विचारल्यास निरुत्तर होण्याची पाळी येणार नाहीं.

संग्राहकांस एक विनंति आहे. १९५८ पासून दशमान वजनेंमापें चालू झालीं व १९६२ नंतर जुनीं व्यवहारांतून गेलीं. तेव्हांपासून पितळी शेर मोडींत गेले, लांकडी पायल्या चुलींत गेल्या, आणि चावडीवरील काठ्यांचें काय झालें हें कोणी पाहिलें नाहीं. सनदा व बखरी आपण कापडांत बांधून जपतों. पण ज्या मापानें त्यांतील अंकांस अर्थ येतो तें माप माळ्यावर पडलेलें असतें. ज्यांच्या घरीं असें एखादें चिपटें, मापटें किंवा खुणांची काठी असेल त्यांनीं तें मोडींत देण्यापूर्वीं एकदां मोजून, गांवाच्या नांवासह त्याचें टिपण प्रसिद्ध करावें. एका काठीनें एखाद्या घराण्याची अब्रू जाऊं शकते, आणि एका काठीनें ती परतहि येऊं शकते, हें आम्हीं अनुभवानें शिकलों आहों.